दोघांची बोलणी

तुळशीचे लग्न लागले की कर्जत आणि खालापूर तालुक्यांत लग्नसराई सुरू होते आणि पावसाच्या तोंडापर्यंत चालते. पूर्वी ती गावकीपुरती असायची. आता उल्हास आणि पेज नद्यांच्या काठची, कोंदिवडे, कशेळे, चौक या बाजूंची फार्महाऊस आणि लॉन मुंबई-ठाण्याच्या वऱ्हाडांनी भरतात. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी पहाटेच नदीकाठी येऊन उभी राहतात. त्याच रस्त्यांच्या आतल्या बाजूला आगरी, मराठा, कोळी, बौद्ध, ठाकर, कातकरी वस्त्यांमध्ये आपापल्या रीतीने मांडव पडत असतात. कोणी मांडव बांधतो, कोणी पंक्तीचे जेवण रांधतो, कोणी बँजो वाजवतो, कोणाच्या टेम्पोला भाडे मिळते. लग्न कसे लावावे हे या मुलखात कोणाला शिकवावे लागत नाही.

लग्न लागण्याआधी बैठक होते. दोन्हीकडची वडीलधारी माणसे सतरंजीवर बसतात आणि एकेक गोष्ट ठरते: मुहूर्त कोणता, साखरपुडा कुठे, दागिने किती, मानपान कोणाकोणाचे, हळदीचा खर्च कोणी उचलायचा, वऱ्हाडाच्या गाड्या किती. बारीकसारीक काही सुटत नाही. पण मुलगी खोपोलीच्या कंपनीत कामाला जाते ती लग्नानंतर जाणार का, तिचा पगार कोणाच्या हातात पडणार, मुलाच्या डोक्यावर गाडीचे किंवा बहिणीच्या लग्नाचे कर्ज किती आहे, मूल कधी हवे, मुलाला दारूची सवय आहे का, मुलीच्या म्हाताऱ्या आईला पुढेमागे कोण बघणार, हे प्रश्न त्या सतरंजीवर येत नाहीत. ज्यांना एकमेकांबरोबर चाळीस-पन्नास वर्षे काढायची, ते दोघे त्या वेळी बहुधा आतल्या खोलीत असतात किंवा चहाचे कप फिरवत असतात. आता साखरपुड्यानंतर फोनवर रात्र-रात्र बोलणे होते हे खरे. पण ते बोलणे आवडीनिवडीचे आणि कौतुकाचे असते. अवघड विषय काढला तर समोरच्याला काय वाटेल, या धास्तीने दोघेही तो टाळतात.

ही पुस्तिका त्या राहून गेलेल्या बोलण्यांसाठी आहे. लग्न ठरलेल्या मुलामुलींना एकमेकांशी कसे बोलावे, कसे ऐकावे, भांडण कसे करावे आणि कुठे थांबवावे, पैशाचे, शरीराचे आणि घरकामाचे विषय कसे काढावेत, याचे धडे तिच्यात आहेत. ती वर्ग घेणाऱ्यांच्या हातात पडावी अशा बेताने रचली आहे. आशाताई, शाळा-कॉलेजातले शिक्षक, बचत गटाच्या अध्यक्षा, ग्रामसेवक, कीर्तनकार, लग्न लावणारे गुरुजी आणि बौद्धाचार्य यांच्यापैकी कोणीही ती वापरू शकेल. तिच्यामागचा विचार उलगडून सांगणे हे माझे काम.

लग्नाचे शिक्षण ही शहरातून आलेली नवी कल्पना आहे, असा पहिला आक्षेप येतो. तो खरा नाही. आपल्याकडे हे शिक्षण होतेच, आणि चांगले मुरलेले होते. या पट्ट्यातल्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असायची. अजूनही काही गावांत आहे. मांडवापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला तिचे गाणे लागायचे. तिच्याशिवाय लग्न पुढे सरकत नसे. लग्नात बाईने धवळे गाण्याची परंपरा आपल्या भाषेइतकीच जुनी म्हणावी लागेल. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेने रचलेले धवळे हे मराठीतले आद्य स्त्रीकाव्य मानले जाते, आणि तेही लग्नाच्याच निमित्ताने गायलेले. धवलारणीच्या गाण्यांत, जात्यावरच्या ओव्यांत, हळद दळताना बायकांच्या बोलण्यात सासरचा सगळा अभ्यासक्रम असायचा. सासूशी कसे वागावे, दिराचा मान कसा ठेवावा, माहेरची आठवण कशी गिळावी, नवऱ्याचा राग कसा ओळखावा, दुःख कोणापाशी बोलावे आणि कोणापाशी बोलू नये, हे सारे त्यात आहे. त्या शिकवणीत शहाणपण होते, माया होती, कधी कधी उघड बंडही होते.

पण ती सारी शिकवण मुलीसाठी होती. मुलाला कोणी काही शिकवले नाही. लग्नाच्या आदल्या रात्री त्याला मित्रांनी खांद्यावर घेऊन नाचवले, मामाने जबाबदारीची जाणीव दिली, आणि बस्स. बायको रडत असेल तर शेजारी बसून काय करायचे, आई आणि बायको दोघी आपापल्या जागी बरोबर असतील तर काय बोलायचे, आपल्याला राग आला की तो हातात उतरू न देता कसा सांगायचा, यातले काहीही त्याच्या कानावर पडले नाही. त्याने पाहिले ते वडिलांचे वागणे. ते चांगले असेल तर त्याचे आणि त्याच्या बायकोचे नशीब. एकाच माणसाने सगळे जुळवून घ्यायचे, या तत्त्वावर आपले बहुतेक संसार उभे राहिले, आणि ते टिकले याचे श्रेय आपण लग्नसंस्थेला दिले. ते त्या बायकांचे होते. या विषयात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच: लग्नाच्या शाळेत आता मुलाला बसवायचे आहे.

महाराष्ट्रात हे पहिल्यांदा स्वच्छपणे ओळखले ते जोतीराव फुल्यांनी. 1873 च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुण्यात सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागले. खर्च अगदी थोडा होता. त्याच्या तयारीत सावित्रीबाई पुढे होत्या. त्या लग्नांचा साधेपणा आणि पुरोहिताशिवाय लागणे याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र वेगळीच एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. 1887 साली फुल्यांनी सत्यशोधक विधींची जी पुस्तिका काढली, तिच्यातल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर आळीपाळीने बोलतात. वधू बायकांना स्वातंत्र्य नसल्याची तक्रार सर्वांसमोर मांडते, हक्कांचे वचन मागते, आणि वराला ते द्यावे लागते. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीने खाली मान घालून उभे राहायचे, एवढेच ज्या समाजाला ठाऊक होते, त्याच्यासमोर फुल्यांनी दोघांना एकमेकांशी बोलायला लावले. विवाहपूर्व संवादाचा मराठीतला पहिला धडा म्हणून मी त्याच मंगलाष्टकांकडे बघतो.

त्याच दशकात मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नाचा नवरा त्यांना मान्य नव्हता. 1884 साली तो कोर्टात गेला. 1887 साली त्यांना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, आणि त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढच्या वर्षी पैसे देऊन प्रकरण मिटले, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. लग्नाला बाईची स्वतःची संमती लागते, हा मुद्दा त्यांनी देशाच्या चर्चेत आणला. 1891 साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर गेले, 1929 च्या शारदा कायद्याने लग्नाचे वय मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा झाले, 1978 साली ते अठरा आणि एकवीस झाले. कायदा इतका पुढे आला, तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के बायकांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. या पुस्तिकेतला कोणताही धडा सुरू करण्यापूर्वी वयाचा दाखला बघायचा आहे. मुलगी लहान असेल तर तो वर्ग घ्यायचा नाही, ते लग्न थांबवायचे आहे.

तिसरे नाव र. धों. कर्वे यांचे. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. खटले झाले, नोकरी गेली, घर तोट्यात गेले, पण शरीराबद्दल मराठीत सरळ बोलता येते हे त्यांनी दाखवून दिले. कामात त्यांना पत्नी मालतीबाईंची साथ होती. अलीकडच्या काळात विद्या बाळ यांनी 1989 साली ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. पुढे त्यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘साथ-साथ’ विवाह अभ्यास मंडळ आणि ‘पुरुष संवाद केंद्र’ उभे राहिले. लग्न करू पाहणाऱ्या मुलामुलींनी आधी लग्नाचा अभ्यास करावा, आणि पुरुषांनाही बोलायला जागा हवी, हे दोन्ही विचार त्यांत होते. बायकांच्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या बाईला शेवटी पुरुषांसाठी केंद्र काढावेसे वाटले, याचा अर्थ आपण नीट घेतला पाहिजे.

कॅथलिक समाजात ही तयारी केव्हाच रूढ झाली आहे. वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतल्या मुलामुलींना लग्नाआधी धर्मग्रामाच्या तयारी वर्गाला बसावे लागते. तिथे धर्मगुरूंबरोबर डॉक्टर आणि संसार केलेली जोडपीही बोलतात. मलेशियात मुस्लिम जोडप्यांना असा वर्ग पूर्ण केल्याचा दाखला लागतो. गोवा सरकारने 2021 साली लग्नाआधी समुपदेशन सक्तीचे करण्याचा मनोदय जाहीर केला होता. सक्तीच्या बाजूचा मी नाही. सक्तीचा वर्ग म्हणजे सहीसाठी लावलेली हजेरी होते, आणि खेड्यात तर एका दाखल्यासाठी आणखी चार खेटे. पण ज्या समाजांनी हे केले त्यांनी एक गोष्ट मान्य केली की प्रेम आपोआप येत असेल, समजून घेणे मात्र शिकावे लागते.

शिकायचे काय, याकडे आता वळतो.

अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षे जोडप्यांना एका खोलीत बसवून, एखाद्या वादाच्या विषयावर बोलायला लावून त्यांचे निरीक्षण केले. शब्द, चेहरा, नाडीचे ठोके, सगळे नोंदवले. त्यांना चार सवयी दिसल्या ज्या संसार आतून पोखरतात. चुकीबद्दल न बोलता माणसालाच नावे ठेवणे. तुच्छतेने, हिणवून बोलणे. समोरच्याचे पुरे ऐकण्याआधीच स्वतःची वकिली करणे. आणि तोंड फिरवून गप्प बसणे. या चारांत तुच्छता सर्वांत घातक, असे त्यांचे म्हणणे.

आता हे कर्जतला आणून बघा. मुंबईहून शंभर किलोमीटरवरचे हे स्टेशन. पहाटेची लोकल पकडून मुलगा ठाण्याला किंवा त्याही पुढे कामाला जातो. जाताना दोन तास, येताना दोन तास, आणि स्टेशनपासून गावापर्यंत शेअर रिक्षा किंवा मोटरसायकल. रात्री साडेनऊला तो दारात येतो.

“आज पण उशीर?”

“मी काय फिरायला गेलो होतो?”

“तसं कुठं म्हटलं मी? तुम्हाला काही विचारायचीच सोय नाही.”

“मग विचारू नकोस.”

एवढे होऊन तो जेवतो, मोबाईल घेऊन ओट्यावर जाऊन बसतो, आणि ती भांडी घासते. पहिल्या प्रश्नात तिला सांगायचे होते की दिवसभर मी तुमची वाट बघितली, घरात माझ्याशी कोणी बोलले नाही. त्याच्या उत्तरात त्याला सांगायचे होते की मी फार थकलोय, मला घरात आल्यावर जाब नको. दोघांची मागणी रास्त होती आणि दोघांपैकी एकालाही ती मांडता आली नाही. हे रोज घडले की दोन वर्षांत त्या घरात अबोला मुरतो. आपल्याकडे अबोल्याला भांडणापेक्षा बरे समजतात. “आमच्यात कधी आवाज चढला नाही” असे अभिमानाने सांगणारी घरे मला माहीत आहेत, आणि त्यातल्या काही घरांत कित्येक वर्षे दोन माणसे एकमेकांशी काहीच बोललेली नाहीत.

म्हणून या पुस्तिकेतला पहिला सराव सुपारीचा आहे. डेन्व्हर विद्यापीठातल्या हॉवर्ड मार्कमन आणि स्कॉट स्टॅन्ली यांनी जोडप्यांसाठी जी पद्धत बसवली, तिच्यात एक लहानशी वस्तू हातात धरणाऱ्यानेच बोलायचे आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचे असते. आपल्याकडे लग्न ठरल्याची खूण म्हणून सुपारी फुटते. तशीच एक सुपारी इथे घ्यायची. ती ज्याच्या हातात, त्याने स्वतःबद्दल बोलायचे, थोडक्यात बोलायचे. दुसऱ्याने ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगायचे: “तुला असं वाटतं की…” पहिल्याने “हो, असंच” म्हटल्यावर सुपारी हात बदलते. सल्ला नाही, निकाल नाही. वर्गात पहिल्यांदा मुले हसतात, लाजतात. त्यांना हसू द्यावे. मग एखादा खरा विषय द्यावा, म्हणजे लग्नानंतर वेगळी खोली घ्यायची का, किंवा तिचा पगार कोणी ठेवायचा. बहुतेक ठिकाणी ऐकणाऱ्याने परत सांगितलेले पहिल्यांदा चुकते. ते चुकणे दोघांच्या डोळ्यांसमोर घडणे हाच धडा आहे.

याच्याच जोडीला थांबण्याचा धडा. राग चढला, छाती धडधडू लागली, की माणसाच्या कानात शब्द शिरत नाहीत. शरीर निवायला निदान वीस मिनिटे लागतात. तेव्हा थांबायचे, पण सांगून थांबायचे: “मला आत्ता बोलता येणार नाही, जेवण झाल्यावर बोलतो.” आणि जेवण झाल्यावर खरोखर बोलायचे. हे शेवटचे वाक्य मुलांच्या मनावर ठसवावे. सांगून उठणे आणि नुसते निघून नाक्यावर जाणे यांत बायकोच्या दृष्टीने फार अंतर आहे.

परदेशी पद्धती जशाच्या तशा उचलता येत नाहीत. गॉटमन यांच्या प्रयोगात दोनच माणसे होती आणि त्यांना स्वतंत्र खोली होती. दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, दीर, नणंद असताना नव्या जोडप्याला दार लावून बोलायची सोय कुठे असते? लावलेच तर सकाळी त्याची चर्चा होते. म्हणून पुस्तिकेत बोलायच्या जागांवर एक संपूर्ण प्रकरण आहे: शेतावर जातानाची वाट, मोटरसायकलवरून बाजाराला जाणे, रविवारी तिच्या माहेरचा प्रवास. आणि सासू-सासऱ्यांसाठी एक वेगळी बैठक आहे, कारण या दोघांना बोलू देण्याची परवानगी शेवटी त्यांच्याच हातात असते.

गॉटमन यांच्याच अभ्यासातले आणखी एक निरीक्षण मी लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलामुलीला सांगतो. नवरा-बायकोतले सुमारे दोन तृतीयांश मतभेद कधीच पुरते सुटत नाहीत. एकाला माणसांत राहायला आवडते, दुसऱ्याला निवांतपण हवे असते. एक पैसा साठवतो, दुसरा उडवतो. चांगल्या संसारातही हे मतभेद असतातच, फक्त ते दोघे त्यांबद्दल न दुखावता बोलू शकतात. हे ऐकले की मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. लग्न म्हणजे समोरच्याला बदलण्याचा मक्ता, ही समजूत लग्नाआधीच गेलेली बरी.

आता अशा वर्गांच्या मर्यादेबद्दल. अमेरिकेच्या सरकारने कमी उत्पन्नाच्या, नुकतेच मूल झालेल्या अविवाहित जोडप्यांसाठी आठ ठिकाणी असे वर्ग चालवले आणि पाच हजारांवर जोडप्यांचा काटेकोर अभ्यास केला. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांच्या नात्यात एकंदरीत फरक पडलेला नव्हता. शिकलेल्या, स्थिर नोकरीच्या जोडप्यांवर चांगली उतरलेली पद्धत हातावर पोट असणाऱ्यांच्या घरी पोचली तेव्हा ओसरली. याचे उत्तर माझ्या मते सरळ आहे. ज्यांची रोजची मारामारी पैशाची, कामाची आणि जागेची आहे, त्यांना फक्त गोड बोलायला शिकवून भागत नाही.

आपल्या तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर हे सर्वांत स्पष्ट दिसते. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. दिवाळीनंतर वाडीतली घरे ओस पडतात, माणसे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाआधी परततात. भट्टीवर एकट्या माणसापेक्षा जोडीला काम मिळते, उचलही जोडीच्या नावाने मिळते. उचल सहसा नवरा घेतो, कर्ज दोघांचे होते, आणि बाई पोटुशी असली तरी ते विटा थापून फेडावे लागते. लहान वयात जोडी जमण्यामागे हेही एक कारण असते. पुष्कळ जोडपी लग्नाचा खर्च परवडत नाही म्हणून विधी न करताच एकत्र राहतात आणि पुढे मुलांच्या देखत, सामुदायिक विवाहात त्यांचे लग्न लागते. अशा जोडीला पहिला धडा संवादाचा देऊन काय होणार? तिचा पहिला धडा हिशेबाचा: उचल किती घेतली, कोणी घेतली, विटा किती थापल्या, किती फिटली, चिठ्ठी कुठे आहे. तो हिशेब दोघांनी मिळून ठेवणे हे त्यांच्यातले पहिले संवादाचे शिक्षण.

लग्नाचे कर्ज माणसाला कुठवर नेते याचा इतिहास आपल्या शेजारीच आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नगडी ही वेठबिगारीची रीत होती. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडे पैसे घेतलेला आदिवासी आणि त्याची बायको जन्मभर त्याच्या घरी राबत. 1945 साली वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्याविरुद्ध उठाव केला. कर्जत तालुकाही 1891 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. तेव्हा हळदीच्या रात्रीसाठी आज जे कर्ज काढले जाते, जी जमीन विकली जाते, तो विषय या पुस्तिकेत घेतला आहे याचे कोणाला नवल वाटू नये. डीजे, मटण, दारू यांचा खर्च किती आणि त्याचा हप्ता कोण फेडणार हे नव्या जोडप्याला लग्नाआधी कळले पाहिजे, कारण फेडणार तेच आहेत. हळदीचा खर्च आवरण्यासाठी समाजाच्या बैठकांतून बोलणाऱ्या मंडळींना या वर्गात जरूर बोलवावे.

शरीराच्या प्रकरणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते स्वतः पुरेसे स्पष्ट आहे. लग्न म्हणजे कायमची संमती नाही. दर वेळी दोघांची इच्छा लागते. गर्भनिरोधनाची जबाबदारी दोघांची. रक्ताची तपासणी लग्नाआधी करावी, विशेषतः आदिवासी घरांत सिकलसेलची. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि हे आधी कळले तर डॉक्टरांशी बोलून विचार करता येतो. ही माहिती मुलांना पुरुषाने आणि मुलींना बाईने सांगावी, पण एक सत्र दोघांचे एकत्र असावे.

मुलांच्या सत्रात एक सराव आहे, त्याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. लग्न ठरलेल्या मुलाने एक दिवस घरी राहून आपल्या आईचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा हिशेब लिहायचा. ती किती वाजता उठली, पाणी कोणी भरले, किती वेळा चूल किंवा गॅस पेटला, ती जेवायला केव्हा बसली, कोणाच्या नंतर बसली. मग त्या यादीतली कोणती कामे लग्नानंतर तो स्वतः करणार त्यापुढे खूण करायची आणि ती यादी होणाऱ्या बायकोला दाखवायची. घरकामाच्या वाटणीवर दोन तासांचे व्याख्यान देऊन जे होत नाही, ते या एका कागदाने होते.

एका गोष्टीत मात्र वर्ग घेणाऱ्याने जराही ढिले पडू नये. मारहाण हा संवादाचा प्रश्न नाही. जिला लग्नाआधीच होणारा नवरा थप्पड मारतो, फोन तपासतो, नोकरी सोडायला धमकावतो, तिला “त्याच्याशी नीट बोलून बघ” असे सांगू नये. तिला महिलांसाठीचा 181 आणि तातडीचा 112 हे क्रमांक आणि तालुक्याच्या ठिकाणी कोणाला भेटायचे ते सांगावे. आणि ठरलेले लग्न मोडावेसे वाटले तर मोडता येते, हेही दोघांना सांगावे. सुपारी फुटली, पत्रिका छापल्या, लोक काय म्हणतील, म्हणून लागलेली लग्ने पुढे कुठे जातात ते कुटुंब न्यायालयातल्या समुपदेशकांना विचारावे. 1984 च्या कायद्यानंतर 1989 पासून मुंबई-पुण्यात ही न्यायालये चालू आहेत. त्यांच्यापुढे येणारी जोडपी जे बोलणे लग्नानंतर दहा वर्षांनी, वकिलांच्या देखत, पहिल्यांदा करतात, ते लग्नाआधी ओट्यावर बसून झाले असते. या वर्गानंतर एखादे लग्न मोडले तर वर्ग फसला असे समजू नये.

वर्ग कुठे घ्यायचा? 1998 च्या कायद्याप्रमाणे गावातल्या लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत ग्रामसेवकापुढे होते. त्या नोंदीच्या अर्जाची चौकशी करायला दोन्ही घरची माणसे येतातच. तिथेच या वर्गाची तारीख सांगता येईल. समाजमंदिर, शाळेची खोली, भजनी मंडळाची जागा, कोणतीही चालेल. रविवारची दुपार धरावी, कारण लोकलने जाणाऱ्याला तोच वेळ आहे. वाड्यांवर मात्र भट्टीला निघण्याआधी, दिवाळीच्या आतच वर्ग व्हायला हवा. मुलीला सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर मनातले बोलायला सांगू नये, ती बोलणार नाही आणि बोललीच तर तिला घरी त्याची किंमत मोजावी लागेल.

ज्या घरात या हंगामात सुपारी फुटेल, त्या घरच्या आई-वडिलांना माझी विनंती आहे की हळदीच्या आधीचे दोन रविवार या दोघांसाठी मोकळे ठेवा. आणि वर्ग घेणाऱ्यांना एकच सांगणे आहे. मुलगी वेळेवर येईल, वही घेऊन येईल, सगळे लिहून घेईल. मुलाला काम निघेल, मित्राची गाडी बंद पडेल, तो मागाहून येतो म्हणेल. तो आला नसेल तर वर्ग सुरू करू नका. तारीख पुढे ढकला, पण तिला एकटीला शिकवू नका.